पायाभरणीच्या आधीचा हिशेब

इमारत हवेत कार्बन सोडते ती दोन प्रकारे: एकदा ती उभी राहत असताना आणि पुढे ती वापरात असेपर्यंत रोज. वातानुकूलन, पंखे, दिवे, लिफ्ट, पाण्याचे पंप यांना लागणाऱ्या विजेमुळे आणि इंधनामुळे जे उत्सर्जन होते त्याला वापरजन्य कार्बन म्हणतात. तर खाणीतून चुनखडी आणि लोहखनिज काढणे, त्यांपासून सिमेंट, पोलाद, काच आणि विटा तयार करणे, हा सारा माल जागेवर आणून बांधकाम करणे, वेळोवेळी दुरुस्त्या करणे आणि अखेरीस इमारत पाडून राडारोडा हलवणे, या सगळ्या प्रवासातील उत्सर्जनाला अंतर्भूत कार्बन असे नाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अलीकडच्या अहवालांनुसार, ऊर्जेच्या वापरातून आणि औद्योगिक प्रक्रियांतून जगभर होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात इमारती आणि त्यांचे बांधकाम यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. या दोन प्रकारांतील खरा फरक प्रमाणाचा नसून काळाचा आहे. वापरजन्य कार्बन दहा वर्षांनी दिवे बदलून, यंत्रे बदलून किंवा वीजच स्वच्छ करून कमी करता येतो. अंतर्भूत कार्बनचा मोठा भाग मात्र पहिला रहिवासी घरात पाऊल टाकण्याआधीच वातावरणात गेलेला असतो आणि तो परत आणण्याचा कोणताही मार्ग इमारतीच्या मालकाकडे नसतो. म्हणूनच तो कमी करण्याची संधी ज्यांच्या हाती असते, त्या वर्गात वास्तुविशारदाच्या बरोबरीने स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो, कारण कॉलम किती अंतरावर घ्यायचे, स्लॅब किती जाड ठेवायचा आणि पाया किती खोल न्यायचा हे तो ठरवतो.

या जबाबदारीचा विचार एका संस्थेच्या संदर्भात करायचा, तर लंडनच्या अरुप या अभियांत्रिकी कंपनीचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. ओव्ह अरुप यांनी १९४६ साली ही संस्था सुरू केली. १८९५ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॅनिश वडील आणि नॉर्वेजियन आई यांच्या पोटी जन्मलेल्या या माणसाने अभियांत्रिकीकडे वळण्यापूर्वी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, आणि त्याची खूण संस्थेच्या स्वभावावर कायम राहिली. सिडनीच्या ऑपेरा हाऊसची शिंपल्यांसारखी छपरे प्रत्यक्षात कशी उभी करायची, हा प्रश्न वर्षानुवर्षे झुंजून सोडवल्यामुळे अरुपचे नाव जगभर झाले. मात्र संस्थेत आजही अधिक मानाचे स्थान आहे ते ९ जुलै १९७० रोजी अरुप यांनी विंचेस्टर येथे आपल्या सहकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाला, ज्यात त्यांनी समाजोपयोगी काम आणि वास्तुकला व अभियांत्रिकी यांना एकत्र बांधणारे समग्र संकल्पन यांचा आग्रह धरला होता. संस्थेची मालकी बाहेरच्या भागधारकांकडे नाही, ती कर्मचाऱ्यांच्या हितासाठी असलेल्या विश्वस्त निधीकडे आहे. काही प्रकारची कामे नाकारण्याचा निर्णय घेताना या रचनेचा उपयोग झाला असणार, असे मानण्यास जागा आहे. दर तिमाहीला नफ्याचा आकडा शेअर बाजारापुढे ठेवावा लागणाऱ्या कंपनीला असा निर्णय तुलनेने जड जातो.

तो निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगो येथे हवामान परिषद भरलेली असताना जाहीर झाला. एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक इमारत प्रकल्पाच्या संपूर्ण जीवनकाळाच्या कार्बनचे मूल्यमापन करायचे, मग ती नवी इमारत असो वा जुन्या इमारतीचे नूतनीकरण, असे अरुपने ठरवले. शिवाय खनिज तेल आणि वायू यांचे उत्खनन, शुद्धीकरण किंवा वाहतूक यांना हातभार लावणारी ऊर्जाक्षेत्रातील नवी कामे न घेण्याचेही जाहीर केले. त्या वेळी जगातील एक टक्क्याहून कमी इमारत प्रकल्पांचे असे मूल्यमापन होत असावे, असा संस्थेचाच अंदाज होता. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अरुपने प्रत्येक इमारत कार्बनमुक्त करण्याचे वचन दिले नव्हते. वचन होते ते मोजण्याचे. वरकरणी हे वचन मवाळ वाटते, पण प्रत्यक्षात ते फार दूरवर पोहोचणारे आहे, कारण जोवर मोजमाप ही ग्राहकाने वेगळे पैसे देऊन मागवायची सेवा असते, तोवर ती केवळ हौशी ग्राहकांपुरती राहते. भार आणि वारा यांच्या गणिताइतकीच ती रोजच्या कामाचा भाग झाली, की प्रत्येक आराखड्यावर, मग त्याकडे कुणी डोळेझाक केली तरी, एक आकडा येऊन बसतो.

हा आकडा काढण्याची पद्धत युरोपीय मानकांनी घालून दिली आहे. इमारतीचे आयुष्य टप्प्यांत विभागले जाते: साहित्याची निर्मिती, त्याची वाहतूक, प्रत्यक्ष बांधकाम, वापराचा काळ आणि त्यातील देखभाल, दुरुस्ती व बदल, आणि अखेरीस पाडकाम व विल्हेवाट. प्रत्येक टप्प्यात किती साहित्य लागते हे नकाशांवरून आणि परिमाणपत्रकांवरून काढायचे, त्याला त्या साहित्याच्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचे आणि बेरीज करायची. मिथेनसारखे इतर वायूही हवा तापवत असल्याने त्यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य किलोंमध्ये केले जाते आणि शेवटचा आकडा बांधलेल्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरमागे मांडला जातो. गणित प्राथमिक शाळेतल्या गुणाकारापेक्षा फारसे अवघड नाही. अवघड आहे ते गुणांक विश्वासार्ह असणे, आणि वेगवेगळ्या लोकांनी केलेले हिशेब एकमेकांशी ताडून पाहता येणे. म्हणूनच अरुपने आपल्या प्रकल्पांची कार्बनविषयक माहिती एकाच ठिकाणी साठवणारी ‘झीरो’ नावाची संगणकीय व्यवस्था उभारली, जिच्यामुळे नव्या इमारतीचा आकडा जुन्या इमारतींच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतो.

मोजल्यानंतर काय दिसते, याची चुणूक त्या निर्णयाच्या काही महिने आधीच मिळाली होती. वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या उद्योगसंस्थेबरोबर अरुपने जुलै २०२१ मध्ये सहा प्रत्यक्ष इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. संपूर्ण जीवनकाळातील कार्बनचा निम्म्यापर्यंतचा भाग अंतर्भूत असू शकतो आणि त्या अंतर्भूत कार्बनचा सुमारे ७० टक्के भाग अवघ्या सहा साहित्यांतून येतो, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. अनेक वर्षे हरित इमारत म्हटले की गच्चीवरचे सौर पॅनेल आणि कमी विजेचे दिवे एवढेच चित्र डोळ्यांपुढे येत असे. या अभ्यासाने लक्ष पुन्हा काँक्रीट आणि पोलादाकडे वळवले.

काँक्रीटमध्ये वाळू, खडी आणि पाणी हे घटक जवळजवळ निरुपद्रवी असतात. उत्सर्जन होते ते सिमेंटमुळे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून क्लिंकर नावाचे कठीण गोळे तयार करतात आणि ते दळले की सिमेंट होते. या भट्टीचे इंधन बदलता येईल, पण चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने ती तापताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० किलोंमधून असा ४४ किलो वायू बाहेर पडतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के भाग या रासायनिक क्रियेचा असतो, म्हणजे भट्टी उद्या पूर्णपणे सौरऊर्जेवर चालली तरी तो उरतोच. पोलादाची अडचण वेगळी आहे. लोहखनिजातून कोळशाच्या साहाय्याने पोलाद काढताना प्रत्येक टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तर भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादामागे त्याचा थोडासा अंशच तयार होतो. परंतु जगातील भंगार मर्यादित असल्याने सगळ्यांनाच भंगाराची सळई मिळू शकत नाही.

म्हणून अभियंत्याकडे असलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कमी साहित्य वापरणे. एक साधा हिशेब पाहावा. १०० चौरस मीटरचा स्लॅब २०० मिलिमीटरऐवजी १५० मिलिमीटर जाडीचा करता आला तर ५ घनमीटर काँक्रीट वाचते. घनमीटरमागे सुमारे ३०० किलो कार्बन धरला तर ही बचत दीड टनांची होते. भारतातील वीज एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाच्या जवळजवळ अकरा महिन्यांच्या विजेइतकी ही बचत आहे, आणि ती एकाच मजल्यावरच्या एकाच स्लॅबची आहे. अर्थात पातळ स्लॅबसाठी कॉलम जवळ आणावे लागतात, म्हणजे हा निर्णय सळयांचा तक्ता करताना घेता येत नाही, तो वास्तुविशारदाच्या पहिल्या रेखाटनाच्या वेळीच घ्यावा लागतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये २३ इमारतींमधील सुमारे दहा हजार पोलादी तुळयांची तपासणी केली, तेव्हा त्या तुळया सरासरीने आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी वापरल्या गेल्याचे आढळले. यात सुरक्षिततेसाठी मानकांनी ठरवून दिलेला राखीव भाग धरलेलाच नव्हता, तो त्यावर वेगळा होता. कारण बहुधा मनुष्यस्वभावात आहे: संकल्पनाला वेळ कमी असतो, एकाच मापाची तुळई सगळीकडे वापरली की काम सोपे होते, पोलाद स्वस्त असते आणि अभियंत्याचा वेळ महाग असतो. अभियंत्याने जास्तीचे घातले म्हणून त्याला आजवर कुणी जाब विचारला नाही. कार्बनचा आकडा नकाशाशेजारी येऊन बसल्यामुळे हा जाब पहिल्यांदाच विचारला जाऊ लागला आहे, आणि त्यातच मोजमापाचे मोल आहे.

या क्षेत्रात स्वतःच्याच उपायांना प्रश्न विचारण्याची वृत्तीही दिसते, आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, बारीक दळून क्लिंकरऐवजी वापरली की काँक्रीटचा आकडा झपाट्याने खाली येतो, म्हणून ब्रिटनमध्ये अनेक वर्षे तिचा सढळ वापर झाला. २०२३ मध्ये तेथील स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या संस्थेने मात्र स्पष्ट केले की जगात तयार होणारी चांगल्या प्रतीची स्लॅग आधीच जवळजवळ पूर्ण वापरली जाते, त्यामुळे एका इमारतीने जास्त घेतली की दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीला कमी पडते आणि पृथ्वीच्या एकूण हिशेबात फरक पडत नाही. स्वतःच्या पत्रकावरचा आकडा सुंदर दिसत असताना तो जागतिक पातळीवर निरर्थक आहे हे मान्य करणे सोपे नसते. याउलट चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती यांचे मिश्रण क्लिंकरच्या जवळजवळ निम्म्या भागाऐवजी वापरणारे ‘एलसी-३’ सिमेंट अधिक आश्वासक आहे, कारण त्यासाठी लागणारी हलक्या प्रतीची माती जगभर मुबलक आहे आणि उत्सर्जनात सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. स्वित्झर्लंड आणि क्यूबा येथील शास्त्रज्ञांबरोबर दिल्ली, मद्रास आणि मुंबई येथील आयआयटींनी या संशोधनात भाग घेतला आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी मानक प्रसिद्ध केले.

तथापि सर्वांत कमी कार्बनचे काँक्रीट ते, जे आधीच उभे आहे. लंडनमधील ‘वन ट्रायटन स्क्वेअर’ ही कार्यालयीन इमारत याचे अभ्यासनीय उदाहरण आहे. अरुपच्याच वास्तुशाखेने रचलेली ही इमारत १९९८ मध्ये पूर्ण झाली होती, आणि वीस वर्षांनी मालकाला तेथे अधिक जागा हवी झाली, तेव्हा रूढ मार्ग पाडून नवी बांधण्याचा होता. त्याऐवजी जुना सांगाडा आणि पाया यांची तपासणी करून, आवश्यक तेथे कॉलम बळकट करून त्यावर तीन मजले चढवण्यात आले. बाहेरच्या भिंतीचे काच, चुनखडी आणि धातू यांनी बनलेले तीन हजार चौरस मीटरहून अधिक आवरण सुटे करून, शहराबाहेर उभारलेल्या तात्पुरत्या कारखान्यात नेऊन, नवीन जोड आणि पट्ट्या बसवून पुन्हा त्याच जागी चढवण्यात आले. मूळ इमारत रचणाऱ्या संस्थेकडेच नूतनीकरण आल्याने जुने नकाशे आणि गणिते हाताशी होती, ही गोष्ट फार मोलाची ठरली. जुन्या इमारतीची कागदपत्रे हरवली की ती पाडण्याचे निम्मे कारण तयार होते.

२०२१ मध्ये हे काम पूर्ण झाले, परंतु कथा तेथे संपली नाही. संपूर्ण इमारत भाड्याने घेतलेल्या मेटा कंपनीने कार्यालयांची गरज बदलल्यामुळे २०२३ मध्ये १४.९ कोटी पौंड भरून करार संपवला आणि मालकाला या इमारतीचा उपयोग प्रयोगशाळांसाठी करण्याचा नव्याने विचार करावा लागला. कार्बनचा कितीही काटेकोर हिशेब केला तरी इमारत कोण वापरणार, किती काळ वापरणार आणि कशासाठी वापरणार हे अभियंत्याच्या हातात नसते, हे या घटनेतून दिसते. पण त्याचबरोबर मजबूत आणि मोकळा सांगाडा असला की एक वापर गेला तरी दुसरा त्यात सामावता येतो, हेही दिसते.

वापरजन्य कार्बनच्या बाबतीत अरुपचा अनुभव अधिक जुना आहे. झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या ईस्टगेट सेंटरमध्ये वास्तुविशारद मिक पिअर्स यांच्याबरोबर अरुपच्या अभियंत्यांनी रूढ वातानुकूलन यंत्रणाच वगळली. वाळवीच्या वारुळातील हवेच्या हालचालीवरून सुचलेल्या या योजनेत दिवसा जाड काँक्रीट उष्णता शोषून घेते आणि रात्री पंख्यांच्या साहाय्याने थंड हवा आत खेचून ते पुन्हा गार केले जाते. ही योजना हरारेसारख्या उंचावरच्या, रात्री गारठणाऱ्या शहरात साधते. मुंबईच्या दमट रात्री हवाच थंड होत नसल्याने तिची नक्कल तेथे चालणार नाही. इमारतीचे उत्तर तिच्या हवामानात शोधावे लागते, यंत्रांच्या यादीत नव्हे, हे लडाखमधल्या शे गावच्या द्रुक पद्म कार्पो शाळेतही दिसते. अरुपने आराखडा दिलेल्या आणि २००१ मध्ये पहिला टप्पा सुरू झालेल्या या शाळेचे वर्ग सकाळचे ऊन लवकर आत यावे म्हणून दक्षिणेपासून किंचित पूर्वेकडे वळवलेले आहेत. निवासी भागांत काचेमागे गडद रंगाची जाड भिंत आहे, जी दिवसभर तापते आणि उणे तापमानाच्या रात्री हळूहळू ऊब सोडते. फ्रेंच अभियंता फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने ती ओळखली जाते. भिंती स्थानिक ग्रॅनाइटच्या आणि मातीच्या आहेत, आणि हा भूकंपप्रवण प्रदेश असल्याने छपराचा भार स्वतंत्र लाकडी चौकटीवर घेतलेला आहे. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटामुळे ही शाळा घराघरात पोहोचली, मात्र तिच्या भिंतींची ही कथा फारशी सांगितली गेली नाही.

लाकूड हा उंच इमारतींसाठीही पर्याय ठरू शकतो का, याची चाचणी अरुपने अॅमस्टरडॅम येथील ७३ मीटर उंचीच्या, २१ मजली ‘हाउट’ या निवासी मनोऱ्यात केली. झाड वाढताना हवेतून घेतलेला कार्बन लाकडात साठून राहतो, म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो. परंतु जंगल पुन्हा लावले जाते की नाही आणि पन्नास वर्षांनी ते लाकूड जाळले जाते की पुन्हा वापरले जाते, यावर तो हिशेब अवलंबून असल्याने मूल्यमापनात हा साठा वेगळा दाखवणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

एका कंपनीने मोजायचे ठरवल्याने बाजार बदलत नाही. बाजार बदलतो तो नियमाने. २०२१ च्या लंडन आराखड्याने शहरातील मोठ्या प्रकल्पांना संपूर्ण जीवनकाळाच्या कार्बनचे मूल्यमापन सक्तीचे केले. अरुप यांच्या वडिलांचा देश असलेल्या डेन्मार्कने त्यापुढे जाऊन २०२३ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलोंची मर्यादा घातली आणि ती पुढे आणखी कडक केली. मर्यादा ओलांडली तर परवानगीच नाही, असे झाले की ग्राहकाची इच्छा दुय्यम ठरते. भारतात २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणि निवासी इमारतींसाठीची २०१८ ची इको निवास संहिता यांनी मुख्यतः वापरातल्या ऊर्जेकडे पाहिले: भिंती आणि खिडक्यांमधून किती उष्णता आत येते यावर मर्यादा घातल्या. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट ठेवले.

मुंबईत, जेथे अरुपचेही कार्यालय आहे, हा प्रश्न पुनर्विकासाच्या रूपाने समोर येतो. तीस-चाळीस वर्षांची इमारत पाडली की वाढीव चटई क्षेत्र मिळते, त्यातून सभासदांना मोठे घर आणि विकासकाला विक्रीची जागा मिळते. जुनी इमारत दुरुस्त केली तर यातले काहीच मिळत नाही. खाऱ्या हवेने सळया गंजून काँक्रीट फुटलेल्या कित्येक इमारती खरोखरच पाडण्याजोग्या असतात, आणि त्यांत राहणाऱ्यांच्या जिवापुढे कार्बनचा विचार दुय्यमच असायला हवा. पण सगळ्याच पाडल्या जाणाऱ्या इमारती तशा नसतात. पुनर्विकासाचा ठराव करण्यापूर्वी सोसायटीपुढे व्यवहार्यता अहवाल येतो, त्यात चटई क्षेत्र, भाडे, कॉर्पस निधी आणि वाढीव जागा यांचे रकाने असतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक असल्याने कॉलम, तुळया आणि स्लॅब यांची मापे आणि काँक्रीटची ताकद ही माहिती अभियंत्याने हातोड्याच्या आणि कोअरच्या चाचण्या करून बहुतेक वेळा गोळा केलेलीच असते. त्याच मापांवरून उभ्या इमारतीत किती घनमीटर काँक्रीट आणि किती टन पोलाद आहे, आणि ते पाडून नवे घातल्यास किती टन कार्बन लागेल, हे काढायला अभियंत्याला फार तर दोन-तीन दिवस पुरतील, आणि व्यवहार्यता अहवालात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल.